आठ दिवसांचा चष्मा

स्टीफन भिंगारदिवेची एक खोड होती. वस्तू विकायची म्हटली की तो आधी ती गिऱ्हाइकाच्या हातात देऊन मोकळा व्हायचा आणि मग चहा सांगायचा. चहा संपेपर्यंत वस्तू माणसाला आपलीच वाटायला लागते, हे त्याला पक्कं ठाऊक. दौंड स्टेशनाबाहेर त्याचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी, त्यानं विनोद ओव्हाळच्या हातात दिला तो चष्मा होता.

चष्मा कसला, काळ्या प्लॅस्टिकचं एक ओबडधोबड प्रकरण. धुरकट काचा, एका काडीतून निघालेली वायर, आणि वायरीच्या टोकाला काड्यापेटीएवढी डबी. ही डबी मॉनिटर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये जोडायची. मग डावी काच काळी होते तेव्हा उजवी उघडते, उजवी काळी होते तेव्हा डावी, आणि हे सगळं इतक्या झपाट्यानं की कळतसुद्धा नाही. पडदाही त्याच तालावर एकदा या डोळ्याचं चित्र दाखवतो, एकदा त्या डोळ्याचं. मेंदू बिचारा दोन्ही जोडून घेतो आणि गेममधली गाडी पडदा सोडून अंगावर येते. मुंबईहून आलेला माल होता आणि नावाजलेल्या चष्म्याच्या पाव किमतीत होता.

"आठ दिवस वापर," स्टीफन म्हणाला. "आवडला तर ठेव, नाय तर पुढच्या रविवारी आणून दे."

विनोदला गरज होती, यात शंका नाही. शिरूरला एसटी स्टँडसमोर त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशिनं, सकाळी त्याची बायको भाग्यश्री पोरींना टायपिंग शिकवायची, दुपारनंतर कॉलेजची पोरं गेम खेळायला यायची. दिवाळीपासून पलीकडच्या गल्लीत दुसरा क्लास निघाला होता आणि पोरं तिकडं सरकली होती. काहीतरी नवं दाखवल्याशिवाय ती परत येणार नव्हती.

पण यात एक मेख होती आणि ती विनोदनं स्टीफनला सांगितली नाही. विनोदला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. अकराव्या वर्षी मार लागला तेव्हापासून त्या डोळ्यात नुसता अंधार. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही, बाहुलीवर एक बारीक पांढरा ओरखडा होता, बस. लग्नाआधी भाग्यश्रीला सांगितलं होतं, तेवढंच. ज्याला एकच डोळा, त्याला हा चष्मा लावला काय आणि न लावला काय, सारखंच. हे तिथल्या तिथं बोलून टाकायला हवं होतं. पण ज्या माणसाला लोक मशिनातला जाणकार म्हणतात, त्याच्या तोंडून असं निघत नाही. त्यानं चहा पिऊन चष्मा पिशवीत टाकला आणि शिरूरची गाडी पकडली.

सोमवारी दुपारी त्यानं चष्मा जोडला आणि आधी भाग्यश्रीला लावायला दिला. गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता, वाळवंटातला सरळ रस्ता. भाग्यश्री दोनदा दचकून मागं सरली, मग हसली. जरा डोकं चढतं, पण पोरांना आवडेल, असा तिचा निकाल पडला आणि ती पिठाची गिरणी बंद व्हायच्या आत निघून गेली.

राहिली होती ती फक्त तपासणी. चष्म्यासोबतच्या सीडीत त्यासाठी एक चित्र होतं. पडद्याच्या डाव्या बाजूला लाल चौकोन, तो फक्त डाव्या डोळ्याला दिसणार. उजवीकडं हिरवा, तो फक्त उजव्याला. विनोदनं चष्मा लावला. हिरवा चौकोन दिसला. त्याच्या शेजारी लालही दिसला.

स्वस्तातला माल, दुसरं काय, असं त्याच्या मनात आलं. एका काचेचं चित्र दुसरीत झिरपत असणार. खात्री करावी म्हणून त्यानं उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला.

हिरवा चौकोन गेला. लाल तिथंच होता.

सोळा वर्षांत त्या डोळ्यानं उजेडाची तिरीप पाहिली नव्हती. त्याला रडू आलं, हे कबूल केलं पाहिजे. मग त्यानं चष्मा काढला आणि पुन्हा तळहात धरला. मिट्ट अंधार. टॉर्च मारून पाहिली, तरी अंधारच. चष्मा लावला की लाल. पुण्याच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की डाव्याची नस मेली आहे, आता हा उजवा एकच आहे, जप त्याला. मेलेल्या नसेनं लाल रंग कसा पाहिला, हे शोधायची विनोदला घाई नव्हती. त्याला फक्त आणखी पाहायचं होतं.

मंगळवारी त्यानं गेम लावला. गाडी वाळवंटातून पळत होती आणि पडद्याच्या डाव्या कडेला हिरवी लांब पानं हलत होती. त्यानं भाग्यश्रीला बोलावून चष्मा दिला आणि रस्त्याच्या कडेला ऊस दिसतो का विचारलं. कुठला ऊस, सगळं वाळवंट तर आहे, असं म्हणून ती पुन्हा शिकवायला गेली. ती गेल्यावर त्यानं उजवा डोळा झाकला.

गाडी नव्हती, रस्ता नव्हता. नुसता ऊस होता, आणि पाहणारा त्या उसात जमिनीवर बसलेला होता. समोर पाचट पडलेलं, वरून पिवळा उजेड गाळून येत होता. पानांच्या फटीतून बांध दिसत होता, बांधावर लिंबाचं झाड. झाडाच्या खोडाला तोंड लावून, दोन्ही हातांनी डोळे झाकून एक पोरगा उभा होता. खाकी चड्डी, निळा सदरा, सदऱ्याच्या पाठीला उसवलेली शिवण. ती शिवण विनोदला ओळखीची होती. आईनं ती दुसऱ्या दिवशी घालायची म्हणून ठेवली होती, आणि मग राहूनच गेली.

आता हे सांगितलं पाहिजे. ओव्हाळांचं घर तेव्हा पाटसजवळ होतं. विनोदचे वडील साहेबराव कारखान्यात काट्यावर होते, उसाच्या गाड्या वजन करायच्या कामावर. दोन मुलींवर विनोद, आणि त्याच्या पाठीवर आणखी एक मुलगी. आजीनं तिचं नाव नकुशी ठेवलं, कारण तिसरी मुलगी कुणाला नको होती. आई तिला त्या नावानं कधी हाक मारायची नाही, ती नुसतं बाय म्हणायची. विनोद अकरा वर्षांचा आणि ती सहा, तेव्हाची ही गोष्ट.

माघातली दुपार होती. दोघं लपंडाव खेळत होते आणि राज्य विनोदवर होतं. शंभरपर्यंत मोजायचं, मग शोधायचं. लपलेल्यानं गुपचूप मागून येऊन शोधणाऱ्याच्या पाठीत थाप मारून धप्पा दिला, तर राज्य पुन्हा शोधणाऱ्यावरच. विनोद लिंबाला तोंड लावून मोजत होता. त्रेचाळीसला उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला. दोन ट्रॉल्या भरून माल चालला होता आणि मागून लटकून ऊस ओढायची गंमत पाटसच्या पोरांना वेगळी सांगायला नको. विनोदनं मोजणं तिथंच टाकलं आणि पळाला. खेळ मोडला, बाहेर ये, एवढं ओरडायला किती वेळ लागला असता. त्यानं ऊस ओढला, मोळी सुटली, आणि एका उसाचं तुटकं टोक डोळ्यात गेलं.

जीपमधून दौंड, तिथून पुणे. दोन्ही डोळ्यांना पट्टी. घरच्यांना वाटलं धाकटी शेजारी मामीकडं आहे, मामीला वाटलं ती जीपमधून गेली. दुसऱ्या दिवशी घोळ कळला तेव्हा साहेबरावांनी पलंगाशी वाकून विचारलं, बाय कुठं होती रे? पट्टीखालून विनोद म्हणाला, "घरीच होती." का म्हणाला, ते देवाला ठाऊक. भ्याला होता. मग लोकांनी विहिरी पाहिल्या, कालवा पाहिला, दौंडचे फलाट पाहिले. ऊस कुणी पाहिला नाही. पंधरा दिवसांनी तोडणी झाली तेव्हा त्यात काहीही निघालं नाही.

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. वडील न कळताच गेले. आई, पार्वतीबाई, शिरूरला त्याच्याजवळ राहायची.

बुधवारी लिंबाखाली पोरगा नव्हता. बाकी सगळं तेच. चित्र तासभर हललं नाही. झाडाची सावली तेवढी लांबत गेली. त्या नजरेनं झाडावरून डोळा काढला नाही, आणि विनोदनंही काढला नाही. तिला वाटत होतं तो मोजतोय, शोधतोय, आता येईल. त्यानं चष्मा काढून टेबलाच्या खणात ठेवला आणि खणाला किल्ली लावली.

गुरुवारी सकाळी त्यानंच खण उघडला आणि चष्मा लावला.

नजर आता उठली होती. चालत होती. रस्त्याच्या कडेनं, गाड्यांच्या चाकांच्या उंचीवरून. वरवंड मागं पडलं, चौफुला आला. हॉटेलाची पाटी दिसली आणि विनोद खुर्चीत पुढं सरकला. ती पाटी नवी होती. गेल्या दिवाळीत लागलेली, त्यानं येता-जाता पाहिलेली. म्हणजे हे सोळा वर्षांपूर्वीचं काही नव्हतं. हे आजचं होतं.

शुक्रवारी केडगावचं रेल्वे फाटक, मग पारगावचा पूल आणि खाली भीमेचं उथळ पाणी. नजर पुलाच्या कठड्याच्या फटीतून ते पाणी बघत थोडा वेळ थांबली आणि पुन्हा चालू लागली. विनोदनं भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशावर बोट फिरवलं. चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरे, शिरूर. दुसरीकडं जायला तो रस्ता फुटतही होता, पण त्याला काही शंका राहिली नाही.

शनिवारी दुपारी न्हावरे. मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर येत्या महिन्यातल्या कुस्त्यांचं पत्रक लागलेलं दिसलं.

चष्मा परत द्यायचा रविवार उद्यावर आला होता. द्यावा आणि सुटावं, असं विनोदनं दहादा ठरवलं. पण चष्मा परत दिला म्हणून चालणारी थांबते थोडीच. ती येणारच होती, फक्त ती कुठवर आली ते त्याला दिसलं नसतं. शिवाय भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. ती सहा वर्षांची पोर एवढा रस्ता एकटी तुडवत त्याला शोधत येत होती, आणि तो खणाला किल्ली लावून बसणार होता. एकदा पळाला होता तेवढं पुरे होतं.

भाग्यश्री मामेबहिणीच्या साखरपुड्याला निमोण्याला गेली होती, सोमवारी येणार होती. दिवेलागणीला पार्वतीबाई ओट्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. विनोद त्यांच्यासमोर खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. लिंबाचं झाड, त्रेचाळीस, ट्रॅक्टर, पट्टीखालचं खोटं. मग चष्म्याचंही सांगितलं.

पार्वतीबाईंचे हात थांबले नाहीत. एक जुडी निवडून झाली तेव्हा त्या बोलल्या.

"दौंडच्या फलाटावर तीन महिनं बसले मी, इनोद. येईल त्या गाडीतली पोरं बघायची."

विनोद खाली सांडलेली पानं वेचायला लागला.

"खेळ मोडला म्हणून वरडून सांगितलं व्हतंस का तिला?"

"नाही, आये."

"मग राज्य अजून तुझ्यावरच हाय की." त्यांनी देठं गोळा केली. "कवा पोचल ती?"

"उद्या. दुपारपर्यंत."

"मी येती तुज्या क्लासात," पार्वतीबाई म्हणाल्या आणि उठून ट्रंकेतलं जांभळं लुगडं काढायला गेल्या. विनोदनं त्यांना रडताना पाहायची तयारी केली होती. त्या गुणगुणत होत्या.

रविवारी क्लास बंद असायचा. विनोदनं मागच्या दाराची कडी आतून घातली, पुढचं शटर कमरेएवढं उघडं ठेवलं आणि मशीन सुरू केलं. पार्वतीबाई त्याच्या मागं प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या, चपला काढून, पाय जवळ घेऊन. चार वाजायला आले होते. समोर खंडूच्या रसवंतीची घुंगरं वाजत होती.

त्यानं चष्मा लावला आणि उजव्या डोळ्यावर तळहात धरला.

एसटी स्टँड. लोकांचे पाय, पिशव्या, एका गाडीचं मागचं चाक. मग रसवंती. नजर तिथं थांबली. चरकात ऊस जात होता आणि चिपाड होऊन बाहेर पडत होता, आणि नजर ते बघत राहिली. चित्राला आवाज नव्हता. पण घुंगरं खरोखरची वाजत होती, बाहेर, वीस पावलांवर.

"कुठवर आली?" पार्वतीबाईंनी हळूच विचारलं.

"समोर आहे. खंडूपाशी."

नजर वळली. रस्ता ओलांडला. क्लासची पाटी वर राहिली, शटरची कड पुढं आली. शटर कमरेएवढंच उघडं होतं, पण तिला वाकावं लागलं नाही.

आत अंधारलेलं. मग हळूहळू एक पाठ दिसली. पांढऱ्या शर्टाची, खुर्चीत बसलेल्या माणसाची. त्याच्या चष्म्याच्या काडीतून वायर लोंबत होती आणि त्याचा उजवा हात तोंडाशी वर गेलेला होता.

विनोदनं मान वळवली नाही.

पडद्यात त्या पाठीच्या अलीकडं स्टूल होतं. स्टुलावर जांभळं लुगडं. लुगड्याची मान वळली आणि आईचा चेहरा समोर आला. पार्वतीबाई सरळ त्याच्याकडं, त्या नजरेकडं बघत होत्या. त्यांनी हात पुढं केला, हनुवटीला धरावा तसा. ओठ हलले. बाय म्हणाल्या असाव्यात.

मागं स्टूल जरासं करकरलं.

पाठ मोठी होत गेली. शर्टाची शिवण दिसली, घामाचा डाग दिसला.

मग त्याच्या पाठीवर थाप बसली. लहान, उघड्या हाताची. जोरात नाही.

वळून बघता आलं असतं. ते त्याला कळत होतं. पण धप्पा मिळालेल्यानं काय करायचं असतं, तेही कळत होतं, आणि या वेळी त्याला चुकायचं नव्हतं. विनोदनं चष्मा काढून ठेवला, टेबलावर दोन्ही हात घेतले, त्यात तोंड खुपसलं आणि डोळे मिटले.

"एक," तो मोठ्यानं म्हणाला. "दोन."

विसाच्या आसपास मागं कुणीतरी अनवाणी पावलांनी हललं. तिशीत दबकं हसू ऐकू आलं, बाईमाणसाचं, तोंडावर पदर धरून हसावं तसं. त्रेचाळीसला रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. विनोद मोजत राहिला. त्यानं एकही आकडा गाळला नाही.

"शंभर."

त्यानं डोळे उघडले. उजव्यानं सगळं नीट दिसत होतं. चार मशिनं, नकाशा, शटरखालून आलेली उन्हाची पट्टी.

स्टूल रिकामं होतं. स्टुलाखाली आईच्या चपला होत्या.

मागच्या दाराची कडी आतून तशीच होती. तो शटरखालून बाहेर धावला. खंडू चरकाशीच उभा होता, दुपारपासून त्याचं तोंड क्लासकडंच होतं. म्हातारी आत गेलेली त्यानं पाहिली होती. बाहेर कुणी आलं नाही, असं तो शपथेवर सांगायला लागला. विनोदनं स्टँड पालथं घातलं, घरी जाऊन आला, शेजाऱ्यांना विचारलं. चूल थंड होती. मेथीची निवडलेली जुडी ओट्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

सहाला तो क्लासवर परत आला तेव्हा फोन वाजत होता. दौंडहून स्टीफन होता. रविवार संपत आला, विनोद आला नाही, म्हणून जरा कुरकुरला.

"चष्म्याचं काय मग? ठेवतो का परत देतो?"

विनोदनं स्टुलाखालच्या चपलांकडं पाहिलं.

"ठेवतो," तो म्हणाला.

त्यानं फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. चष्मा लावला. उजव्या डोळ्यावर तळहात धरला.

ऊस होता. दाट, उंच, संध्याकाळच्या उजेडातला. नजर जमिनीलगत, अगदी स्थिर. पानांच्या फटीतून लांबवर, खूप लांबवर, एका खुर्चीत बसलेल्या माणसाची पांढरी पाठ दिसत होती. आणि फटीच्या कडेला, पाचटावर, जांभळ्या लुगड्याचा काठ. तो कुणीतरी हळूच आत ओढून घेतला.